एकशे चार डेसिबल

३ मार्च, सातारा
सेफ्टी ऑफिसर म्हणून पहिलाच आठवडा, आणि आज मीटर घेऊन फोर्जिंगच्या शेडमध्ये शिरले. हॅमरजवळ एकशे चार डेसिबल! कायद्यानं आठ तासांना नव्वद ही मर्यादा. मालक इंद्रजित साहेब म्हणाले, "लोखंड ठोकायचं म्हणजे आवाज होणारच की! कानातले प्लग वाटून टाका."
वाटले.

४ मार्च
जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कामगारांचे प्लग खिशात. चिडलेच मी. हॅमर चालवणारे नानासो म्हणाले, "आवं मॅडम, ह्ये घातलं की क्रेनची घंटा ऐकू येत न्हाई. डोक्यावर तापलं लोखंड आलं तर?"
मी स्वतः प्लग घालून क्रेनजवळ उभी राहिले. घंटा खरंच ऐकू आली नाही.

६ मार्च
परत साहेबांकडे. क्रेनला फिरता लाल दिवा हवा. हॅमरभोवती आवाज अडवणारे पडदे हवेत. सगळ्यांचे कान तपासायला हवेत.
"ऑर्डर संपू द्या, मग बघू."
मी खुर्चीतून हललेच नाही! शेवटी तपासणीला तेवढं हो म्हणाले.

१२ मार्च
तपासणीची गाडी दारात, आणि एकही माणूस फिरकेना. "नापास झालो की घरी बसवत्यात." — ही भीती! साहेबांना शेडमध्ये ओढून आणलं, सगळ्यांसमोर बोलायला लावलं: कुणाचंही काम जाणार नाही. मग नानासो उठले, टोपी काढून गाडीत चढले. मागोमाग बाकीचे.

१३ मार्च
नानासोंचे दोन्ही कान बरेच गेलेत. मोठ्यानं बोलून समजावलं. ऐकून म्हणाले,
"बायको मुद्दाम हळू बोलती, मला टाळती, आसं वाटायचं. दिवाळीपास्नं अबोला धरलाय मी तिच्याशी."
मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.
"औषध हाय का ह्याला?"
"गेलेलं परत येत नाही, नानासो. कानाला मशीन लावता येईल. राहिलेलं जपता येईल."
"आन् ह्या बाकीच्यांचं?"
आता साहेबांना सोडणार नाही. रोज जाईन. हाकलेपर्यंत जाईन.

१४ मार्च
हॅमर बंद! नानासोंनीच बंद केला. पाळीतली सगळी माणसं बाहेर कडुलिंबाखाली बसलीत. "दिवा आन् पडदं लावा, मग ठोकतो."
साहेबांचा फोन. "हे तुम्ही शिकवलंत त्यांना?"
शिकवलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "हो."