मिरवणूक आपल्या दाराशी अडली त्याविषयी

दि. २८ डिसेंबर

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र व तिकीट मिळाले. प्रकृती ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो. यंदा डिसेंबरातही उकाडा मात्र असह्य आहे. नाताळची दिव्यांची मिरवणूक यथासांग पार पडली. मिरवणूक झाली की कायमचे तुझ्याकडे राहायला येण्याचे मी कबूल केले होते, याची तू आठवण दिली आहेस. त्याविषयी पुढे लिहितो.

गावाची रीत तू जाणतेस. वर्षभरात ज्या घरातले माणूस गेले, ते घर मिरवणूक येईपर्यंत अंधारात ठेवायचे. पहिला ट्रक त्या दाराशी थांबतो आणि घरच्यांनी रोषणाई लावली की दुःख सरले असे मानून पुढे निघतो. ही रीत मला कधी खटकली नव्हती. ती इतरांच्या दाराशी घडत होती.

तुझ्या आईने गेल्या नाताळात बांधलेली दिव्यांची माळ व्हरांड्यावर तशीच आहे. ती उतरवण्यापूर्वीच तिने अंथरूण धरले, ते कायमचेच. पुढे मीही हात लावला नाही.

म्हणून यंदा मी एक योजना आखली. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावले, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरलो आणि काळोखात बसून राहिलो. साहेब लेकीकडे गेले असे समजून मंडळी पुढे जातील, असा अंदाज होता. पाणीपुरवठ्याच्या निवृत्त अभियंत्याची योजना इतकी गळकी निघावी, याचे नवल वाटते.

बँड थांबला. जनरेटरची घरघर तेवढी उरली.

“कुलूप आहे. लेकीकडे गेले वाटतं साहेब,” मिरवणुकीबरोबरचा वायरमन म्हणाला.

“कुठले जातायत!” शेजारच्या मावशी कडाडल्या. “मघाशी खोकत होते. मी या कानांनी ऐकलं.”

आणि ठमे, नेमका तेव्हाच मला खोकला आला.

नाताळबाबा झालेला बेकरीवाला ट्रकवरून ओरडला, “या हो बाहेर, साहेब! जन्म भट्टीपुढे गेला, पण या दाढीत शिजलो तसा कधी शिजलो नाही!”

सारी गल्ली हसली. कापसाच्या बर्फावर बसलेल्या, पंख लावलेल्या मुली घामाने निथळत होत्या. मागे ट्रकला ट्रक भिडलेले. मागे वळायला कोणालाच जागा नव्हती. मलाही नव्हती. मी स्वयंपाकघरातून निघून, घराला वळसा घालून, चोरासारखा व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

हसू थांबले. मावशी हळूच म्हणाल्या, “लावा, भाऊजी. आम्ही आहोत ना.”

मी बटण दाबले. माळ लागली. टाळ्या झाल्या, बँड सुरू झाला, मिरवणूक हलली. दुसऱ्या दिवसापासून मावशींकडून रोज येणारा जेवणाचा डबा बंद झाला. दुःख सरले ना!

त्या रात्री जाता जाता वायरमन माळ चाचपून म्हणाला, “वायर कुजलीय, साहेब. आता बंद केलीत तर परत लागेल याची खात्री नाही. आणि चालू ठेवून घर सोडू नका, आग लागेल.”

ती माळ अद्याप चालू आहे, भर दुपारीसुद्धा. मी समोर खुर्ची टाकून बसतो. झोपही तेथेच घेतो. किराणा मागवून घेतो. सारांश, सद्यःस्थितीत घर सोडणे अशक्य आहे. तिकीट रद्द करावे.

येथवर लिहून पाकीट चिकटवले होते. ते पुन्हा फोडले आहे.

वायरमन काल आपणहून आला होता. “दिवे तेच ठेवतो, वायर तेवढी नवी ओढतो,” म्हणाला. मी त्याला फाटकातूनच परत धाडले. तेव्हा अडचण वायरची नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल. तुझ्या आईने मारलेल्या गाठी सुटतील, एवढेच माझ्या डोक्यात होते. मला माळ बंद करता येत नाही, आणि तिच्यापुढे असे बसूनही आता राहवत नाही.

येता का, असे मला विचारू नकोस. विचारलेस की मी नाही म्हणेन आणि कारणेही मुद्देसूद देईन. तू ये. बटण तू बंद कर. त्या वेळी मी पाठमोरा उभा राहीन. नंतर मी काहीही सांगू लागलो तरी ऐकून घेऊ नकोस. हाताला धरून मला बाहेर काढ.

उत्तर लिहीत बसू नकोस, नीघ.

तुझे
बाबा