एक गोचीड, एक रोग

८ जुलै २००१, फुजैरा
छायाच्या गुडघ्यामागे लाल वर्तुळ. कडेला गडद, मध्ये फिकट. डॉ. याकूब म्हणाले, "दाद है भाईसाहब, मलम लगाओ." नायटा म्हणे!
लेकीच्या, शुभ्राच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलो, तेव्हा तिच्या अंगणात हिला गोचीड चावली होती — खसखशीएवढी. मीच चिमट्यानं काढली. नेटवर शोधून कागद छापला, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग! वाचून त्यांनी चष्मा काढला, डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. "आप तो उस्ताद निकले!" कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला!

१४ जुलै
वर्तुळ पुसट. गोचीड खलास.

१७ जुलै
थंडी वाजून ताप. "येताना मुंबईत उतरलो होतो ना," छाया म्हणाली, "मच्छर काय कमी होते?" रक्त तपासलं — पेशींत अंगठीसारखे जंतू, मलेरियाचे. इथे आपल्या माणसाला ताप म्हणजे मलेरियाच. लॅबवाल्यांना आणि आपल्यालाही.
याकूबनी विचारलं, "वो कीडे का कुछ नहीं ना?" मी म्हणालो, "वो चॅप्टर क्लोज." क्लोरोक्विन सुरू.

२१ जुलै
ताप हटेना. डोळे पिवळे. लघवी कोऱ्या चहासारखी! ॲम्ब्युलन्सनं अबुधाबी. वाटभर तिनं माझा हात सोडला नाही.

२२ जुलै
मलेरिया नव्हताच!
डॉ. दर्शना — शुभ्राच्याच वयाची पोर — स्लाइड पुन्हा बघून आल्या. "काका, ह्यांना गोचीड चावली होती?"
"हो. पण त्याचं औषध झालं."
"एकाचं झालं. त्याच चाव्यातून दुसरा जंतू गेलाय, बबेसिया. दिसतो मलेरियासारखाच, अंगठीसारखा. तांबड्या पेशी फोडतोय. डॉक्सीनं तो मरत नाही. गोचिडीचं आधी कुणी बोललं कसं नाही?"
एक गोचीड, एक रोग — हे मी वाचलं कुठे? कुठेच नाही. मीच ठरवलं!

२३ जुलै
क्विनीन, क्लिंडामायसिन. कानात शिट्ट्या वाजतात म्हणते. "तुमचं लेक्चर ऐकू येत नाही, तेवढंच बरं."

२७ जुलै
ताप उतरला. पेज मागितली! जिन्यात जाऊन रडलो.

२८ जुलै
शुभ्राचा फोन. "बाबा, आय हॅव चिल्स. थांबतच नाहीत. डॉक्टर विचारतायत, डिलिव्हरीत ब्लड कुणाचं दिलं."
मला काय माहीत? रक्तपेढीचं असणार. छायाकडे पाहिलं.
"माझं," ती म्हणाली. "गोचीड काढलीत, त्यानंतर आठवड्यानं दिलं. तुम्ही नको म्हणाला असतात."