ज्योत्स्नाताईचं शेवटचं पान

२ जून, सोमवार
आले बाई एकदाची नाशिकला. रूम छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, काळजी करू नकोस, असं रोशनीला फोनवर सांगितलं. ही माझी धाकटी बहीण, सटाण्याला शेवटच्या वर्षाला. माझ्यापेक्षा हुशार आहे, पण तिला सांगायची सोय नाही, डोक्यावर मिरे वाटेल.

नोकरी ज्योत्स्नाताईमुळे मिळाली. कॉलेजात असताना हॉस्टेलवर मी तापाने फणफणले होते तेव्हा हीच उशाशी बसून होती. ती सोडतेय, तिच्या जागी मी. कंपनीचं अ‍ॅप पेठ-सुरगाण्याकडच्या आरोग्यसेविका वापरतात. पाड्यांवर रेंज नसते, तेव्हा ब्राउझरमधला सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा प्रोग्राम साठवलेली पानं दाखवतो. इथली रीत गमतीची: वर्करच्या नव्या आवृत्तीला सांभाळणाऱ्याचंच नाव द्यायचं आणि पेढे वाटायचे. मी ‘भाग्यश्री’ टाइप केलं. पेढे ताईनेच मागवले होते.

४ जून
पेठहून गोजराबाईंचा फोन. आरोग्यसेविका, तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, बाळंत झालेल्या बाया तुमच्या यादीत अजून गरोदरच हायेत.

कारण सापडलं. जुना वर्कर जागा सोडत नाही, साठवलेली जुनीच यादी दाखवत राहतो. स्क्रीनवर: ‘ज्योत्स्ना – चालू. भाग्यश्री – प्रतीक्षेत.’ जुन्याचं एक जरी पान कुठे उघडं राहिलं तरी नव्याला ताबा मिळत नाही. सगळं बंद केलं, मशीन दोनदा चालू केलं, जैसे थे. मीही सटाण्याची, सोडते काय.

खाली आणखी दोन नावं होती, भारत आणि सोमा, दोघांपुढे ‘मुक्त’. कोण हे, असं ताईला विचारलं. आधीचे, म्हणाली, आणि उठून गेली.

६ जून
उघडं पान सापडलं. ताईच्याच मोबाईलमध्ये. बंद कर म्हटलं तर पांढरीफटक पडली. नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, अगं दे इकडे, आणि स्वतःच्या बोटाने बंद केलं.

‘भाग्यश्री – चालू.’

ताई गळ्यात पडून रडली. मग पर्स उचलून भरदुपारी निघून गेली, मागे न बघता. मला वाटलं, जीव आहे तिचा माझ्यावर.

९ जून
गोजराबाई चिडल्या होत्या. यादी बरोबर झाली, पण फोन केला की मी भलतंच बोलते म्हणे. ‘रूम छान आहे, काळजी करू नकोस.’ तुमच्या रूमचं मला काय करायचं, म्हणाल्या. आधीची बाई बी लय दिवस एकच बोलायची.

मी तर चार तारखेनंतर आजपर्यंत त्यांच्याशी बोललेच नव्हते.

१० जून
रूमवर जायला रिक्षा केली. उतरले ती ऑफिसच्या दारात. पुन्हा केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रिक्षावाल्याने पैसेही घेतले नाहीत, नुसता बघत राहिला.

११ जून
ताईने फोन उचलला, एकदाच. सगळं कबूल केलं. सोमाने तिला असंच आणलं होतं. नव्याने ताबा घेतल्याशिवाय जुन्याची सुटका नाही. दोन वर्षं ती इथून बाहेर पडली नव्हती. तूही आण कुणालातरी, म्हणाली. जवळचंच लागतं, परकं विश्वास ठेवत नाही.

म्हणून मी. तापात माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या बाईने केसाने गळा कापला माझा.

मी नाही आणणार कुणाला.

१३ जून
‘रोशनी – प्रतीक्षेत.’

मी टाकलं नाही – देवाशपथ नाही. आमचे साहेब, धनराज सर, म्हणतात, काल तूच सुचवलंस, हसत हसत. पेढे सांगून झालेत.

१६ जून
रोशनी एसटीत बसलीय, नोकरीला ये म्हणून मीच बोलावलं म्हणे. माझ्या मोबाईलमधलं पान उघडं आहे. उघडंच ठेवायचं. ती म्हणेल ताई, दे इकडे – द्यायचा नाही –

फोन लागला. ओझरला उतर, मागे फिर, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, रूम छान आहे.

ती हसली. आलेच म्हणाली.

मग लिहून ठेवते. हात तरी माझा आहे. रोशनी, हे वाचशील तर त्या पानाला बोट – पानाला बोट लावू –

खिडकीतून डोंगर दिसतो.

नाही. रोशनी, मागे –

रूम छान आहे, काळजी करू