अजून न फिटलेलं वाण

३ जानेवारी २००५, सोमवार
क्रेडिट कार्डाच्या बिलाचं पाकीट आज शाळेत आलं. घरचा पत्ता दिलाच नव्हता, तेवढी हुशारी तेव्हाच केली होती. शिपायाने स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हातात दिलं. सहावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात सरकवलं.

देणं तेहतीस हजार. एक महिना चुकवला नाही, तरी दिवाळीपेक्षा जास्त. ज्योत्स्नाबेन गणित शिकवतात, त्यांना दाखवलं. बहिणीचं आहे म्हणून. 'मिनिमम'च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आ हप्तो नथी, बेन. आटलुं ज भरो तो व्याज चढतुं ज जाय." एवढंच भरत राहिलं तर व्याज चढतच जाणार.

मी हप्ताच समजत होते. आमच्या शिक्षक पतपेढीचा कसा पगारातून कापला जातो आणि एक दिवस कर्ज फिटतं. बँकेनेच आकडा छापलाय म्हणजे तेवढाच द्यायचा, असं धरून चालले. बी.एड. झालेली बाई मी.

ज्योत्स्नाबेन उठताना म्हणाल्या, "तमारी बेनने कहेजो, गभराय नहीं." माझ्याकडे न बघता. कळलंच असणार.

५ जाने., बुध
गेले कशावर? लिहायची लाज वाटते म्हणूनच लिहिते. मिक्सर. दिवाळीच्या दोन साड्या, त्यातली एक गरजेची. सटरफटर. आणि सगळ्यात मोठा आकडा गेल्या संक्रांतीच्या वाणाचा. निळ्या झाकणाचे काचेचे डबे, अलकापुरीतल्या शोरूममधून, येणाऱ्या प्रत्येकीला एक. त्याच्या आदल्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी, वसुताईंनी, गावातच अकोट्याच्या घरी स्टीलचे डबे लुटले होते. आणि आम्ही रावपुऱ्यात प्लास्टिकच्या चाळण्या. कुणी काही बोललं नव्हतं. माझं मलाच लागलं.

डब्यांचं कौतुक झालं. ह्यांनी विचारलं, एवढे कुठून? "सेलमध्ये," म्हटलं.

कार्ड पिशवीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत तळाशी पुरलं. आता घ्यावीशी वाटेल ती वस्तू आधी इथे लिहायची, आठवडा जाऊ द्यायचा, मग बघायचं.

८ जाने., शनि
घ्यायच्या: बेडशीट (आहेत त्या धडक्या आहेत). कानातले (कशाला?). पडदे, कारण समोरच्यांनी लावले.
खंडेराव मार्केटला भाजीला गेले आणि पर्स घेऊन आले. न लिहिता. रोख दिले, एवढंच काय ते पुण्य.

९ जाने., रवि
हे गोत्रीचा फ्लॅट बघून आले. हे भाड्याचं घर सोडायचं म्हणतात. "दोघांचे पगार दाखवू. डोक्यावर पैचं देणं नाही, बँक नाही कशाला म्हणेल?" ह्यांचे आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात होते. उधारी म्हटली की ह्यांच्या अंगावर झुरळ पडल्यासारखं होतं.
कर्जाचे कागद रथसप्तमीला भरायचे, दिवस चांगला म्हणून. त्याच्या आत सांगायला हवं.
आज नाही सांगितलं. चहा करून दिला.

१४ जाने., शुक्र
उत्तरायण. उंधियू दरवर्षी विकतचं, यंदा पैसे वाचवायला घरी केलं. हे म्हणाले, "हे काय एकदम?" "मन झालं," म्हटलं. तीनदा मागून खाल्लं. गच्चीवर सगळे पतंगांमागे ओरडत होते, मी खाली भांडी घासत बसले. बारीक बारीक खोटं फार सहज जमायला लागलंय.

२३ जाने., रवि
वसुताईंचं हळदीकुंकू. रिक्षाचे पैसे वाचवायला बसने निघाले, बसच येईना. अकोट्याला पोचले तेव्हा बायका निघत होत्या. वाण संपलं होतं. "थांब हं," म्हणत वसुताई आतल्या कपाटातून कागदात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. "घरचीच आहेस, चालवून घे."

घरी येऊन सोडलं. निळ्या झाकणाचा काचेचा डबा. माझाच. झाकणाच्या आत किमतीचा कागद अर्धा खरवडलेला. तो खरवडताना नख तुटलं होतं माझं.

आधी हसू आलं. मग नाही आलं. ह्या डब्याचं व्याज मी अजून भरतेय, आणि हा वर्षभर त्यांच्या कपाटात बांधलेलाच पडून होता. ज्यांना दिपवायला घेतला त्यांनी तो उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

६ फेब्रु., रवि
आमच्याकडचं झालं. वाण म्हणून हिरव्या हरभऱ्याची जुडी, बोरं, गाजर, उसाचं कांडं. सुगडात घालतो तेच. आठवड्याच्या भाजीच्या पैशात सगळं.

वसुताई म्हणाल्या, "हे काय गं, यंदा मंडईच लुटलीस?" सगळ्या हसल्या. मीही हसणार होते, पण तोंडातून निघालं, "यंदा पैसे नाहीत."

मी हळदीची कोयरी धरून तशीच उभी. मग खालच्या मजल्यावरच्या साठेकाकू म्हणाल्या, "बरं केलंस बाई. डबे ठेवायला डबे आणायची वेळ आलीय घरात." पुन्हा हसणं सुरू. माझे कान मात्र शेवटपर्यंत गरम.

सगळ्या गेल्यावर वसुताई सतरंजीच्या घड्या घालायला थांबल्या.
"किती देणं आहे?"
सांगितलं. घडी अर्धीच राहिली.
"भाऊजींना माहीत आहे?"
"नाही."
"मी बोलणार नाही. पण गोत्रीचे कागद जायच्या आत तू सांग. नाहीतर तुझ्याबरोबर त्यांचीही सही खोटी पडेल."

ह्या बाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. इतकी वर्षं मी एकटीच त्यांच्याशी शर्यत लावून बसले होते.

१२ फेब्रु., शनि
मिनिममच्या वर जाऊन चार हजार भरले. पहिल्यांदाच आकडा उतरेल. घरखर्चात कमी पडले तर ह्यांना सांगितलं, पतपेढीची वर्गणी वाढलीय.
म्हणजे देणं कमी करायला आणखी एक खोटं.

१५ फेब्रु., मंगळ. रथसप्तमी
सकाळी गच्चीत गोवऱ्यांवर सुगडात दूध ठेवलं, सूर्याकडे उतू जाऊ दिलं. वाटीभरच. खाली आले तर हे कागद घेऊन बसलेले. 'इतर कर्जे' असं होतं, तिथे दोघांच्या नावांपुढे 'नाही' लिहून झालं होतं. घोटीव अक्षर.
"इथे सही कर."

मी उठले. कोठीत कोपरापर्यंत हात घातला, कार्ड काढून त्या कागदांवर ठेवलं. त्याच्यासोबत दोन गहूही पडले.
"हे काय?"

सांगितलं. डबे, सेल, साड्या, उंधियू, पतपेढीची वर्गणी, सगळं. ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "वहिनींना माहीत आहे?"
"हो."
आकडा ऐकून पडला नव्हता एवढा चेहरा त्यावर पडला. हे मी धरलंच नव्हतं.

पेनाला टोपण घातलं. कागद फाडले नाहीत, उचललेही नाहीत. जेवणाचा डबा न घेताच स्कूटर काढून गेले.

शाळेत गेले, शिकवलं. काय शिकवलं आठवत नाही.

आता पोळ्या झाल्या आहेत. कागद टेबलावर तसेच, वर ते दोन गहू. मी झाडले नाहीत. हे सहाला येतात. साडेसहा होऊन गेले. खाली स्कूटर थांबली की जिन्यापर्यंत जाऊन बघते. आत्ताची साठेकाकूंच्या मुलाची होती.