अण्णा, बेअरिंगं चांगलीच होती

प्रिय अण्णा,

वेळापूरच्या नानांचा जुना ट्रक आज आपल्या गॅरेजात परत आला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हणून लिहायला बसलोय. जे तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं, ते आता कागदावर बोलतोय.

आठवतं ना? नानांच्या वडिलांचा तो ट्रक. इंजीन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. मी म्हणालो, "बेअरिंगं झिजल्यात. इंजीन खोलायला लागतंय." तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "बेअरिंगं चांगली हायती, सिद्धू. आदी फिल्टरची नळी सोडून बघ की."

आणि मी काय बोललो? तेही नानांच्या देखत! "अण्णाला आता नीट दिसत न्हाय. तुमी माझं ऐका."

तू पाना ठेवलास, हात पुसलेस आणि घरी गेलास. पुन्हा शेडात पाऊल टाकलं नाहीस. वहिनी दोनदा म्हणाल्या, "भावजी, घटकाभर येऊन बसा की त्यांच्यापाशी." मला वेळ नव्हता! हैदराबाद रोडवरच्या शेडातनं भवानी पेठेतलं तुझं घर असं किती लांब रे? तीन महिन्यांत तू गेलास. मी पोचलो तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते.

मी बेअरिंगं बदलली होती. काही दिवस काटा बरा राहिला. आज नाना म्हणाले, "परत खाली येतोय की रं." ट्रक सोडून ते गावी गेले.

मग मी एकटाच. तू इंजिनापाशी असलास की खालून विचारायचास, "किती?" मी केबिनमधून आकडा सांगायचो. आज मीच चढलो, मीच उतरलो. किती वेळा, कोण जाणे.

शेवटी फिल्टरची नळी सोडली. तेल फिल्टरमध्ये शिरतं तिथं नळीच्या जोडाला सुईएवढ्या भोकाचं निपल लागतं. मग थोडंच तेल फिल्टरमधून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये परततं, बाकीचं इंजिनाला मिळतं. तिथं साधं, मोठ्या भोकाचं निपल होतं. तेल नुसतं धो धो परत जात होतं. प्रेशर राहणार कसं?

ते निपल कुणी बसवलं होतं? मीच! बेअरिंगं बदलली त्याच्या आधीच्या खेपेला जुन्या निपलाचे आटे गेले होते, म्हणून हाताला आलं ते लावलं.

तुला ते माहीत होतं ना, अण्णा? तरी नानांसमोर माझं नाव घेतलं नाहीस. का रे? एक शिवी हासडायची होतीस! मी चिडलो असतो, पण नळी सोडून बघितली तरी असती.

बारीक भोकाचं निपल बसवलं. इंजीन तासभर तापवलं. काटा जागचा हलला नाही. मी ओरडलो, "टिकला रे अण्णा!"

नानांना फोन लावला आणि लगेच कापला. ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. उद्या ते ट्रक न्यायला येतील. तुझा पाणउतारा केला त्याच जागी उभा राहून मी त्यांना सांगणार आहे : अण्णा बरोबर होता, चूक माझी होती. मग वहिनींकडे जाईन आणि त्यांनाही हेच सांगेन. त्यांनी दार लावून घेतलं तरी उंबऱ्यावर बसेन, पण सांगितल्याशिवाय उठणार नाही.

तुझा धाकटा,
सिद्धू