उजव्या पायाचा अंगठा

६ मे
देवळाच्या फरशीने पाय भाजला आणि मला पत्ताच नाही. भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा. साखरेच्या आजाराने तळव्याची जाणीव कधीच गेली आहे. फोड दिसला बायकोला, सुमनला, तोही दोन दिवसांनी. डॉ. म्हणाले, जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. घाबरलोय.

८ मे
जयंती सिस्टर घरी आली. तमिळ आहे, मला "अय्या" म्हणते, म्हणजे साहेब. सलाइनने धुतलं, वर फोमची मऊ पट्टी. तीन दिवस उघडायची नाही म्हणे. म्हटलं, अहो, वारा नको का लागायला? खपली कशी धरणार? "खपली नकोच, अय्या. आत थोडी ओल राहिली की नवी कातडी सरकत येते." जाताना दारातून चारदा "तोडातींग, तोडातींग". हात लावू नका! वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, तोरा सुपरवायझरचा.

९ मे
सुमन भाजीला गेली तेवढ्यात उघडली. इथल्या आवडी गावच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली, झाकलेलं काम पास करणं माझ्याच्याने होत नाही. आत ओलसर, पांढरट. नासलंय असंच वाटलं. अर्धा तास पाय पंख्याखाली. मग तीच पट्टी परत चिकटवली.

१० मे
पुन्हा उघडली. कोरडी दिसतेय. बरं वाटलं.

११ मे
बरं कसलं, डोंबल! कडेने लालभडक, हाताला गरम. सिस्टर म्हणाली, "कोणी उघडली?" सुमनने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. "अय्या, पट्टीबरोबर रोज नवी कातडी उपटताय तुम्ही." लगेच दवाखाना. डॉ.नी गोळ्या दिल्या, लालीभोवती पेनने रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर ताबडतोब या. सुमन रडली. "मला सांगितलं का नाहीत?" फार लाज वाटली.

१४ मे
तीन दिवस हात लावला नाही. खुर्चीवर पाय, हातात पेपर, लक्ष सगळं पट्टीत. आज सिस्टरने उघडली. लाली रेघेच्या चांगली आत! "नल्ला इरुक्कु," म्हणाली. चांगलं आहे. हुश्श. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, सुमनने साखरेवरून झापलं.

२३ मे
कडेने गुलाबी कातडी. सुमनला म्हटलं, चुकलो. "लिहून ठेवा तुमच्या वहीत." ठेवलं.

१ जून
सूज नाही, लाली नाही. मधे तांदळाच्या दाण्याएवढी जागा राहिली आहे, पण ती अजून खोल. अंगठ्याचं नक्की काय, ते डॉ. सोमवारी सांगतील. तरी मन हलकं आहे, खोटं कशाला बोलू. नवी पट्टी लावताना सिस्टरने विचारलं, "नीट बघून घेता का, अय्या?" म्हटलं, नको, झाका. सुमनने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.