बेंबीतली बाळी

रिठद, मंगळवार

प्रिय वैभवी,

तुला पाचवा महिना लागला, हे काल कळलं. आधी बाजारात कुणीतरी बोललं होतं, पण माझा विश्वास बसला नाही. मग तुझी मैत्रीण पल्लवी पुण्याहून आली, तिला घरी बोलावून विचारलं. खरं आहे म्हणाली. ऋषिकेशराव काळजी घेतात, तू नीट जेवतेस, हेही तिनेच सांगितलं. निघताना मात्र मी न विचारलेलं बोलली : बेंबीतली बाळी अजून आहे.

आज सकाळी उपकेंद्रात गेले. नर्स धम्मदीपाला विचारायला जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, पोटुशी बाईच्या बेंबीत बाळी असली तर काय करावं? ती हसली. “काकू, तुमी टोचून आल्या काय?” मग नीट समजावलं. पोट वाढेल तशी कातडी ताणते. बाळी ओढली गेली किंवा जागा लाल झाली तर काढायची. पण नुसती काढली तर भोक बुजू शकतं, म्हणून त्यात मऊ, वाकणारी प्लास्टिकची काडी घालतात. पुण्यात टोचणाऱ्यांकडे ती मिळेल. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. नवी टोचलेली बेंबी भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर तिच्यावर घट्ट काही बांधायचं नाही.

घरी येऊन तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या, पण टोपली तशीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या भावाच्या, हरीओमच्या लग्नात मी तुला शालू नेसवत होते. निऱ्या खोचताना तू कळवळलीस. पाहिलं तर बाळी, भोवती ओली जखम. पंधराच दिवस झाले होते. मी म्हणाले, “कोणाले दाखवाले टोचलं वं हे?” तू म्हणालीस, “मलेच पाहाले, आई.”

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांना वाटतं, तू ऋषिकेशरावांसाठी घर सोडलंस. वैभवी, ती जखम मला दिसली होती. परकराच्या नाडीची गाठ मी मुद्दाम तिच्यावर आणली आणि मुद्दाम आवळली. तू दिवसभर तशीच पंगतीत वाढत फिरलीस, हसून. संध्याकाळी परकराला डाग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात ताप घेऊन तू जीपमध्ये बसलीस, ती पुन्हा घरी आली नाहीस. तू कुणाला बोलली नाहीस. मीही नाही.

तेव्हापासून दुपारची रिसोडची एसटी थांबली की मी अंगणात जाऊन कोण उतरलं ते पाहते. घरातल्यांना सांगते, वाळवण राखतेय.

बाळी ठेव की काढ, ते तुझं तू ठरव. मला विचारायचं आहे ते वेगळंच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं वाटतं. पण बाळंतिणीचं अंग आईच्या हातात असतं, मालिश, अंघोळ, शेक, सगळं. माझ्या हातात ते देशील का? फोनवर हे विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिलं. हरीओम पत्र घेऊन शनिवारी निघेल, रविवारी सकाळी पोचेल. तो आग्रह करणार नाही, तशी ताकीद दिली आहे. तू हो म्हणालीस तर सातव्यात तुला आणायला पुन्हा येईल. नाही म्हणालीस तर मीच पुण्याला येईन, आणि तू जेवढं दार उघडशील तेवढीच आत येईन.

तुझीच,
आई